विकत घेतलेलें रोप

थंडी सरूं लागून आंब्यास मोहोर धरला, म्हणजे ठाणें शहरांत झाडाफुलांच्या प्रदर्शनाचे दिवस येतात. शहरांतील झाडांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रांत सन १९७५ मध्यें कायदा झाला व त्यान्वयें वृक्ष प्राधिकरणें नेमण्यांत आलीं. ठाणें महानगरपालिकेचें असें प्राधिकरण हें प्रदर्शन भरवीत आलें आहे. अलीकडे त्यास 'वृक्षवल्ली' हें नांव मिळालें आहे. गुलाब, शेवंती, डेलिया, कुंडींत वाढविलेले वामनवृक्ष, फळें, भाज्या, औषधी वनस्पति अशी तेथें मांडणी असते. लोक पाहतात, हर्षित होतात, आणि रोपांच्या दुकानांतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरीं जातात. ह्या प्रसंगावरून एका प्रश्नाचा विचार आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. जी वस्तु जिवंत आहे, ती केवळ पैसे दिल्यानें आपली होते काय?

आरंभीं एका आक्षेपाचें उत्तर देणें अवश्य आहे. मुरबाड, शहापुराकडील आमचे कित्येक बंधु म्हणतील, "ज्याच्या घरीं दाणे मोजून शिजवावे लागतात, त्यानें फुलावर पैसा कां घालावा?" आक्षेप रास्त आहे, परंतु त्यांत अर्धेंच सत्य आहे. जव्हार व विक्रमगड येथील आदिवासी शेतकरी मोगरा लावितात आणि त्या कळ्यांवर त्यांची चूल पेटते. एकाच्या घरची शोभा ती दुसऱ्याच्या घरची भाकर होते. शिवाय, फुलाचा आनंद विकतच घ्यावा लागतो असें कोठें आहे? ह्याच दिवसांत येऊरच्या डोंगरांत पळस, पांगारा व काटेसावर फुलतात, आणि तें पाहण्यास कोणी दाम मागत नाहीं. म्हणून गरिबानें फुलावर प्रीति करूं नये असें नव्हे. आणि प्रीति करणाऱ्यानें तें विकत घेतलेंच पाहिजे असेंही नव्हे.

आतां विकत घेणाऱ्याविषयीं. दुकानांतील रोप ऐन बहरांत असतें तेव्हांच तें आपले डोळे ओढून घेतें. पण पिटुनियासारखीं पुष्कळ रोपें थंडीचीं सोबती होत; चैत्राचें ऊन पडलें कीं तीं माना टाकतात. मग घेणारा म्हणतो, "आम्हांस फसविलें." फसवणूक पुष्कळदां त्याच्या अपेक्षेचीच असते. गुलाबाचेंही तसेंच. कलमी गुलाब म्हणजे वस्तुतः दोन झाडें. खालीं रानगुलाबाचा खुंट, आणि त्यावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. सांध्याच्या खालून फुटलेले कोंब वेळीं न काढले, तर रानगुलाब माजतो व ज्यासाठीं पैसे दिले तो डोळा मरून जातो. तेव्हां किंमत दिल्यानें व्यवहार संपत नाहीं. तेथें कर्तव्याचा आरंभ मात्र होतो. पैशानें कुंडी आपली होते, झाड सेवेनें आपलें होतें.

ज्यांचें मराठी व्याकरण सन १८०५ मध्यें प्रसिद्ध झालें, त्या विल्यम केरी ह्यांनीं १८२० मध्यें कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्येची संस्था स्थापिली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. विलायतेहून आलेल्या बियांच्या पिशवींतील माती त्यांनीं सेरामपूरच्या आपल्या बागेंत झाडली, तों तींतून डेझीचें एक लहानसें रोप उगवलें. बंगाल्याच्या हवेंत तें वर्षभर टिकेना. म्हणून ते दर वर्षीं बीं धरून तें पुन्हां पेरीत. १८२३ च्या पुरानें त्यांची बाग उद्ध्वस्त केली, तेव्हां ती त्यांनीं पुन्हां लाविली. ह्या रोपास त्यांनीं दमडी दिली नव्हती. तरी तें त्यांचें नव्हतें असें कोण म्हणेल?

कर्तव्य केवळ रोपाशींच आहे असेंही नाहीं. तें शेजाऱ्याशींही आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेंतून आपल्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीं दूरदेशीं नेली गेली. आज तीच उल्हास नदीवर कल्याणच्या बाजूस गालिच्यासारखी पसरते, आणि ज्या पाण्यावर हजारों घरें अवलंबून, तें झांकून टाकिते. सांडपाण्यानें तिला खत मिळतें, हें खरें. पण प्रथम तिला आणिलें तें शोभेच्या आवडीनेंच. नेणाऱ्यानें फूल पाहिलें. प्रवाहाच्या खालीं राहणारा मनुष्य पाहिला नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, तरी सांगितली पाहिजे. मुंबई व ठाणें शहरांस पाणी पाजणारें भातसा धरण शहापूर तालुक्यांत आहे. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांत वैशाखांत बाया टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या राहतात. शहरांतील गच्चीवरची कुंडी नळाच्या धारेनें भिजते, तेव्हां तें पाणी कोणाच्या गांवावरून आलें ह्याची आठवण धरणें हा न्याय होय. आम्ही कुंडी फोडा असें म्हणत नाहीं. तांदूळ धुतलेलें, भाजी धुतलेलें पाणी झाडास चालतें, आणि तेवढ्यावर चार कुंड्या सुखानें जगतात.

तेव्हां वाचकहो, रोप घेण्यापूर्वीं तीन प्रश्न मनास विचारावे. ह्याचा ऋतु कोणता? वैशाखांत ह्यास पाणी कोण व कोठून घालील? हें पसरलें तर कोणाचें नुकसान होईल? उत्तरें मिळालीं तर एकच रोप घ्यावें, मोठें फूल न पाहतां निरोगी पान व धरलेल्या कळ्या पाहून घ्यावें. उत्तरें न मिळालीं तर प्रदर्शन डोळे भरून पाहावें आणि रिकाम्या हातांनीं परत यावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. जें आपल्याच्यानें जगविलें जाणार नाहीं, तें दुकानांतच राहूं देणें, हीही त्या झाडावर केलेली प्रीतिच होय.