खाली कोण उतरणार?



मी एका नगरपालिकेच्या गटार खात्यात नोकरीला आहे. माझा बाप याच खात्यात होता. तो चेंबरच्या आत असायचा, मी चेंबरच्या काठावर असतो. एका पिढीत आमचं घर सात-आठ फूट वर आलं. लोक याला प्रगती म्हणतात. मीही म्हणायचो.

बाप रिटायर झाला तेव्हा लाड-पागे समितीच्या शिफारशीनं वारस म्हणून मी लागलो. पहिली चार वर्षं झाडू मारला. नोकरी करत डिप्लोमा केला आणि देखरेखीच्या जागेवर आलो. खिशाला पेन आलं, हाताला सही आली. आणि एका रात्री ही सही न करताच मी एका माणसाला मरणाच्या तोंडात सोडलं. त्याबद्दल बोलायचं आहे.

2018 सालची 13 एप्रिलची संध्याकाळ. आमच्याच वस्तीच्या तोंडाशी मेन लाइन चोकअप झाली. काळं पाणी वाहत विहाराच्या पायरीपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी जयंती. मंडळाची पोरं झेंडे लावायचं काम टाकून ऑफिसात आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही आपले आहात. उद्या बाबासाहेबांची मिरवणूक या घाणीतून न्यायची का?"

मी जेटिंग गाडीची चौकशी केली. गाडी बंद होती, दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, काळजी सोडा. माणसं पाठवतो."

माणसं. मशीन नव्हे. पुढं काय होणार ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

रात्री नऊला दोन पोरं आली. एक दोर, एक बादली, बांबूच्या कामट्या. त्यातला एक वीस-बावीस वर्षांचा, मेहतर वस्तीतला. पायात स्लिपर. त्यानं कपडे काढले, बाटलीतले दोन घोट घेतले, दोर कमरेला बांधला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "साहेब, जाऊ का?"

मी काही बोललो नाही.

हो म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. घड्याळात बघितलं. तो उतरला. चार-पाच मिनिटांत दोराची हालचाल थांबली. दुसरा पोरगा त्याच्यामागं आत उडी घ्यायला निघाला. त्याला मी कमरेला धरून मागं ओढला. बापाचं एवढं एकच सांगणं त्या वेळी आठवलं, की एकामागं दुसरा उतरला की दोन मढी निघतात. दोर होता म्हणून चौघांनी मिळून त्याला वर खेचलं. तो जगला. पाच दिवस दवाखान्यात होता.

जयंतीची मिरवणूक झोकात निघाली. रस्ता धुऊन स्वच्छ केलेला. पुतळ्याला हार पडले, भाषणं झाली, समतेवर झाली. त्या पोराचं नाव कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढं चौकशी झाली. मी लेखी जबाब दिला की मी कोणालाही आत उतरायला सांगितलेलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. 2013 सालच्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणं साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मशीन चालूच शकत नाही अशा मोजक्या प्रसंगी माणूस उतरवता येतो, पण सगळी साधनं देऊनच. आणि नियमांत न सांगितलेला एखादा प्रसंग उद्भवला, तर नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यानं कारणं लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. आमच्याकडं असा कसलाच कागद नव्हता. कागद नाही म्हणजे कोणी उतरलंच नाही. चौकशी मिटली.

पण माझा प्रश्न मिटला नाही. गप्प बसणं हा हुकूम असतो का?

मी बापाला विचारलं. बाप आता थकला आहे, श्वास लागतो. तो म्हणाला, "मला बी कधी कुनी उतर म्हनलं न्हाई. मुकादम यायचा, झाकन उघडायचा आन् बाजूला सरायचा. मंग आपलं आपल्याला समजायचं."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गावात ढोर मेलं तर महाराच्या हातात कोणी लेखी हुकूम देत नव्हतं. निरोप यायचा, कधी निरोपही यायचा नाही. जातीला तोंडानं बोलावं लागत नाही. वरचा बाजूला सरतो आणि खालचा समजून घेतो, एवढ्यावर ती चालते. त्या रात्री मुकादमाच्या जागी मी होतो. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. आणि तरी मी बाजूला सरलो.

बाप आणखी एक सांगायचा. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर ठीक, वास यायचा बंद झाला की पळ. डिप्लोमा करताना त्याचं कारण कळलं. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वाढला की आधी नाक बधिर करतो. माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि तो तिथंच कोसळतो. म्हणून मागची-पुढची झाकणं आधी तासभर उघडी ठेवायची, मीटरनं वायू तपासायचा, ब्लोअर लावायचा. आम्ही त्या रात्री यातलं काहीच केलं नव्हतं. घाई होती. मिरवणूक होती. नाक फक्त त्या पोराचंच बधिर झालं होतं असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात तत्त्वाचा प्रश्न कुठं आला? हा तर हलगर्जीपणा. मला तसं वाटत नाही. आपली चळवळच मुळी नगरपालिकेच्या पाण्यावरून पेटलेली आहे. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. तळ्यापाशी जायची मात्र कोणाची छाती नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. लगेच सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळं शुद्ध केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला 1937 साल उजाडलं. म्हणजे पाणीपुरवठा, नळ, गटार ही नुसती खात्याची कामं कधीच नव्हती. माणूस कोणाला म्हणायचं, हे तिथं ठरत आलेलं आहे.

पण पाणी आत येतं तसं बाहेरही जातं. शहराला माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावं असा हिशेब आम्ही धरतो. त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं. म्हणजे माणशी 108 लिटर. हा आकडा पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मला महाडच्या घागरी आठवल्या. आकडा योगायोगानं जुळला, पण मनातून जात नाही. पाणी येतं त्या टोकाला आपण सत्याग्रह केला. पाणी जातं त्या टोकाला आपलेच लोक उभे आहेत, आणि तिथं मात्र आपण अजून नीट गेलेलो नाही. 1927 हेच साल मुंबईच्या देवनार कचराभूमीचंही आहे. तिथल्या कचऱ्यात कोण वेचतं, कोणाच्या वस्तीवर धूर येतो, हे मी सांगायला नको. 2016 साली ती जळत होती तेव्हा साऱ्या मुंबईला धूर दिसला. शेजारच्या वस्तीला तो रोजचाच होता.

यावर शहाणी माणसं एक सवाल टाकतात, "अहो, पण मग गटार साफ कोण करणार?" सवाल साधा वाटतो. पण तो नेहमी आपल्यालाच विचारतात. जणू आपण नाही म्हटलं तर शहर बुडेल आणि पाप आपल्या माथी येईल.

मी त्यांना उलटा सवाल करतो. 1860 साली विहार तलावाचं पाणी मुंबईत आणलं, तेव्हा ते डोक्यावरून वाहून आणायला जात शोधली नाही. नळ टाकला. पुढं तानसा आलं, वैतरणा आली, भातसा आली. डोंगर फोडले, बोगदे काढले, शंभर-शंभर किलोमीटरवरून पाणी आणलं. स्वच्छ पाण्याचा प्रश्न आला की हे शहर इंजिनियर बोलावतं. घाण पाण्याचा आला की माणूस बोलावतं. अक्कल तीच, पैसा तोच, नगरपालिका तीच. केरळात 2018 साली मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव आला. यंत्र नाही हे कारण आता चालायचं नाही. माणूस स्वस्त आहे, हे खरं कारण आहे. आणि तो स्वस्त का आहे, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे लोक या कामाला पवित्र म्हणतात. सेवा म्हणतात. गांधींनीही असं गौरवलं होतं आणि बाबासाहेबांनी त्यावर कडक टीका केली होती. गौरव करणाऱ्याची मुलं त्या कामावर जात नाहीत. पण लक्षात घ्या, याच बाबासाहेबांनी 1935 साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. घाण काम सोडा असं सांगणारा माणूस, ते काम करणाऱ्यांच्या पगारासाठी, रजेसाठी, मानासाठी संघटना बांधत होता. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्याला दिसतो. आपण म्हणतो झाडू सोडा, आणि ज्याच्या हातात अजून झाडू आहे त्याच्याकडं पाठ करतो.

मी झाडू सोडला तेव्हा तो खाली पडला नाही. माझ्यापेक्षा गरिबानं उचलला. बापाची नोकरी घाण होती, पण कायम होती. पगार होता, फंड होता, पेन्शन होतं. त्यावर मी शिकलो. आता तीच जागा ठेक्यावर आहे. मुंबईत सुमारे 2700 ठेका सफाई कामगारांना कायम व्हायला 2017 साली सुप्रीम कोर्टाचा दरवाजा गाठावा लागला. बाकीच्यांची हजेरी कुठल्या वहीत आहे, तेही त्यांना माहीत नसतं. मी वर आलो आणि माझी खालची जागा रिकामी न राहता दुसऱ्यानं भरली, तर त्याला मुक्ती कसं म्हणायचं? ती नुसती बदली झाली. आपल्याला ती जागाच बुजवायची आहे.

पाच महिन्यांनी लाज बाजूला ठेवून मी त्या पोराला शोधत गेलो. त्याचं नाव आता मला माहीत आहे. त्याला विचारल्याशिवाय इथं लिहीत नाही. मी म्हणालो, माझ्या हद्दीत आता कोणाला आत उतरू देत नाही. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बंद केलं आन् माझा रोज गेला. आता मी दुसऱ्या गावात उतरतो."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नुसतं 'उतरू नको' म्हणणंही पुरत नाही. सुप्रीम कोर्टानं 2014 साली गटारात मेलेल्यासाठी दहा लाख भरपाई सांगितली, 2023 साली ती तीस लाख केली. मेल्यावरची किंमत वाढली. जिवंत माणसाला दुसरं काम द्यायची सोय मात्र कागदातून खाली येईना. दिल्लीत 2019 साली 200 छोटी मशीनं या कामातल्या माणसांच्या हाती देण्याचं ठरलं, तशी वाट आहे. मशीन आलं तर त्याच्या सीटवर तोच पोरगा बसला पाहिजे. नाहीतर मशीन पुन्हा ठेकेदाराचं आणि भूक पुन्हा त्याची.

म्हणून तुम्हाला सांगतो. मोर्चे काढा, पण नगरपालिकेच्या बजेटच्या सभेलाही जा. जेटिंग गाड्या किती, चालू किती, वायूचं मीटर कोणत्या कपाटात कुलपात आहे, ते माहितीच्या अधिकारात मागा. ठेक्यावरच्या प्रत्येक माणसाचं नाव हजेरीत आहे का बघा. जयंतीच्या मार्गावरची लाइन मार्चमध्येच मशीननं साफ करून घ्या, 13 तारखेच्या रात्री आमच्यासारख्याच्या दारात येऊ नका. आणि आलात तर विचारा, खाली कोण उतरणार? मला मोठ्यानं उत्तर द्यायला लावा. त्या रात्री तुमच्यातल्या एकानं जरी तेवढं विचारलं असतं, तरी मला गप्प बसता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी 1 मार्चला मंडळाचा लेखी अर्ज माझ्या टेबलावर आला. मशीन तीन दिवस उशिरा आलं, पण आलं. कोणी उतरलं नाही. मी त्या पोराला निरोप धाडला होता मशीनवर ये म्हणून. त्याला लायसन नव्हतं. लायसन काढायला पैसे नव्हते. मंडळानं वर्गणीतून ते काढून द्यावं असं मी म्हणालो. डीजेचा खर्च आधीच ठरला होता.

तो हिशेब अजून मंडळाच्या वहीत तसाच आहे. येत्या बैठकीत मी तो पुन्हा काढणार आहे. तुम्हीही या.

जय भीम.