चांदी वर आली, जहाज खालीच

20 नोव्हेंबर 1942 ला ‘तिलावा’ मुंबईहून पूर्व आफ्रिका आणि डर्बनकडे निघाली. जहाजावर 958 माणसे होती आणि चांदीच्या 2,364 विटा. 23 तारखेला अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने ती बुडवली, 280 जीव गेले. पुढे 2017 मध्ये एका खासगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून विटा काढून साउदॅम्प्टनला नेल्या. दक्षिण आफ्रिकेने त्या नाणी पाडायला घेतल्या होत्या. कंपनीचा मोबदल्याचा दावा मे 2024 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आणि निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. 1942 मध्ये ही चांदी व्यापारी माल होती की नाही, याचा एवढा कीस काढला गेला. बुडालेल्यांची स्मरणसभा मात्र मुंबईत 2022 मध्ये भरली, तीही वारसांच्या पुढाकाराने. भिवंडीच्या गोदामांत हरवलेल्या खोक्याचा माग बारकोडवरून लागतो, ते वाहणाऱ्याचे नाव मुकादमाच्या वहीपलीकडे क्वचितच जाते. त्याच हिशेबाने समुद्राचा तळही धुंडाळला जातो.

यावर रोकडा आक्षेप येतो: चांदी नसती तर तिलावा शोधायला गेले कोण असते? खरे आहे. एवढ्या खोलीवर यंत्रे उतरवायला अफाट पैसा लागतो, आणि तो परताव्याच्या आशेनेच उभा राहतो. पण खर्च कोणी केला यावरून जे दिसले त्यावर हक्क कोणाचा, हे ठरत नाही. विटांवर मालकी सांगा, मोबदला घ्या. तळाचे नकाशे आणि चित्रण मात्र सार्वजनिक दप्तरात जमा व्हायला हवे. दुसरे म्हणतील, ही जलसमाधी आहे, तिला हात लावू नये. हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. फक्त तो विटा उचलण्याआधी यायला हवा होता. शिवाय कॅमेऱ्याने पाहणे म्हणजे उपसणे नव्हे.

युनेस्कोच्या 2001 च्या करारात 100 वर्षे पाण्याखाली राहिलेले अवशेषच वारसा ठरतात. म्हणजे तिलावाची पाळी 2042 मध्ये. तोवर थांबायचे कारण नाही. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तिघांना 6,000 मीटर खाली नेणारी ‘मत्स्य 6000’ बनवते आहे, मुख्यतः खनिजांसाठी. तिलावा त्याच्या निम्म्या खोलीवरही नाही. एखादी पाहणी तिकडे वळवली, तर वारसांना दाखवण्यासारखे काहीतरी सरकारच्या हाती येईल.