जुन्या खुर्चीची डागडुजी

नव्या फर्निचरची खरेदी ही संसाराच्या जमाखर्चात कित्येक कुटुंबांना न पेलणारी रक्कम असते, आणि तरीही एक पाय डुगडुगू लागला एवढ्याच कारणाने वडिलोपार्जित सागवानी खुर्ची भंगारवाल्याच्या हवाली करण्याची घाई आपण करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण अशा खुर्चीचे लाकूड बहुधा शाबूत असते, निकामी झालेला असतो तो केवळ सांध्यातला सरस.

जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो जुना सरस उष्णतेने व ओलाव्याने मऊ पडतो, म्हणून ऊन पाण्यात पिळलेले फडके सांध्याभोवती गुंडाळून ठेवले, की कुसू खाचेतून हळूहळू सैल होते. मग उतावीळपणा न करता दोन्ही अंगांचा थर पटाशीने खरवडून लाकूड उघडे करावे, कारण त्या थरावर आजचा पांढरा गोंद नीट धरत नाही. गोंद लावून पायांभोवती सुतळीचे वेढे घालावेत, त्यांत काठी अडकवून पीळ द्यावा आणि रात्रभर खुर्चीला हात लावू नये. लाकूड वाळवीने पोखरलेले असेल, तर ही सारी तजवीज व्यर्थ होय. तेथे सुतारालाच पाचारण करावे.

राहता राहिली झिलई. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात सुती बोळ्याने लाकडाच्या रेषांना अनुसरून द्यावेत, मात्र पावसाळ्यात नव्हे. दमट हवेत लाखेवर पांढुरकी छटा येते, म्हणून आश्विनातली कोरडी हवा या कामास अधिक अनुकूल.