शेजारच्या सीटवरचा शब्द

मी हिंगोलीहून औंढा नागनाथला भाविकांची जीप नेतो. पुण्याच्या संजय टकले यांच्याबद्दल मिळेल ते वाचतो. दुचाकींच्या शर्यतींतून पुढे आलेल्या या मुरलेल्या रॅलीचालकाने २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक ही मोटार रॅली पूर्ण केली. तिथे ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. उशीर झाला तरी दंड, लवकर पोचलं तरी दंड. शेजारी बसलेला सहचालक रोडबुक, म्हणजे वाटेचं टिपण, वाचून सांगतो आणि चालक त्याच्या शब्दावर वळण घेतो.

इतक्या अनुभवी माणसाने दुसऱ्याचं का ऐकावं? आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे. नर्सीचे संत नामदेव विठ्ठलाचे लाडके, तरी संत गोरा कुंभार म्हणजे गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं, कारण त्यांना गुरू नव्हता. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांना गुरू मानून शरण गेले, असं परंपरा सांगते. औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या भुयारी गाभाऱ्यात उतरताना भल्याभल्यांना वाकावं लागतं.

गुरूचा शब्द मानणं म्हणजे बुद्धी गहाण टाकणं नव्हे. स्टिअरिंग चालकाच्याच हातात राहतं, जबाबदारीही त्याचीच. पण अनुभव वाढला की आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागतं, आणि साधना तिथेच अडते. म्हणून नवशिक्यापेक्षा जाणत्यालाच गुरूची गरज जास्त, असं मी मानतो.