विसरलं कोण, सांगायचं कोणी?

बाबांच्या पेन्शनसाठी नागपुरातल्या एका कार्यालयात आम्ही तीनदा गेलो. दरवेळी खिडकीवर नवा माणूस. ‘आधीचे साहेब सुट्टीवर आहेत, पहिल्यापासून सांगा.’ बाबा पहिल्यापासून सांगत. मला राग आला. मग आठवलं, मीही हेच करतो.

एचटीटीपीला आठवण नसते, प्रत्येक विनंती त्याला पहिलीच. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली: ब्राउझरजवळ ठेवलेली ओळखचिठ्ठी. पण त्या चिठ्ठीमागची माहिती एकाच सर्व्हरच्या मेमरीत असेल आणि लोड बॅलन्सरने पुढची विनंती दुसऱ्याकडे पाठवली, तर माणूस पुन्हा अनोळखी.

यावर उपाय तीन. माणसाला एकाच सर्व्हरशी बांधायचं. तो बंद पडला की अर्धा भरलेला फॉर्म गेला. माहिती सहीशिक्क्यानिशी टोकन करून त्याच्याच हाती द्यायची. मग मुदतीआधी ते रद्द करणं कठीण. किंवा सगळ्या सर्व्हरांची मिळून एक वही, रेडिससारखी. ती जपायचा, तिची प्रत ठेवायचा खर्च आपला.

मी बहुतेकदा पहिला उपाय निवडला. स्वस्त म्हणून.

विसरायलाही हवंच, सायबर कॅफेतून उठून गेलेल्याचं खातं उघडं राहू नये. पण ते विसरणं त्याच्यासाठी असतं. माझं विसरणं माझ्या सोयीसाठी होतं, आणि त्याची किंमत पलीकडचे कुणाचे तरी बाबा मोजत होते. पहिल्यापासून सांगत.