कामं तर होतायत ना?

आमच्या नात्यातल्या एक मावशी रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. पेन्सिलीनं नव्हे, पेनानं. आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. त्यांचं डिप्रेशनचं निदान झालं, त्यानंतर मुलानं माळ्यावरची रद्दी काढली. दीड वर्षाचे अंक साठले होते आणि एकही कोडं पुरं झालेलं नव्हतं. कुठे आडवे दोन शब्द, कुठे एकच उभा, पुढे कोरे चौकोन. रद्दी विकणं हे कामही त्यांचंच. तेही राहून गेलेलं.

याच दीड वर्षात घरातला एकही डबा चुकला नव्हता. दूध उतू गेलं नाही, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर, गॅसचा नंबर वेळेवर. म्हणून घरात कुणाला काही वाटलं नाही. मुलगा आता कबूल करतो, की आई गप्प गप्प असते असं बहीण म्हणाली तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘कामं तर होतायत ना?’’

मला वाटतं, सगळी मेख या वाक्यात आहे. मावशींची जी कामं टिकली, त्यांची कुणीतरी वाट पाहत होतं. जी गळली, त्यांची वाट कुणी पाहत नव्हतं: कोडं, गच्चीतला मोगरा, जुन्या मैत्रिणीला फोन. सौम्य नैराश्य माणसाचं स्वतःचं असतं ते आधी नेतं आणि दुसऱ्यांचं मागे ठेवतं. तीव्र नैराश्य दुसऱ्यांचंही नेतं, म्हणून ते दिसतं.

‘सौम्य’ हा शब्दच फसवा आहे. सौम्य ताप म्हटलं की क्रोसिन घ्यायची आणि ऑफिसला जायचं. इथे सौम्य याचा अर्थ एवढाच, की लक्षणं मोजकी आहेत आणि माणूस बहुतेक व्यवहार रेटू शकतो. रेटण्याची किंमत त्या शब्दात नाही. उदास मन, कशातच गोडी न वाटणं, झोप, भूक, थकवा, एकाग्रता अशा नऊ लक्षणांपैकी निदान पाच दोन आठवडे टिकली (आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असलं), तर डॉक्टर मेजर डिप्रेशनचा विचार करतात. पण दुसरा एक प्रकार कमी लक्षणांनिशी दोन-दोन वर्षं मुक्काम ठोकतो. त्याला डिस्थायमिया म्हणतात. घरचे त्याला स्वभाव म्हणतात. ‘ती आहेच जरा तशी.’

तीव्र नैराश्य मी एका मित्राच्या घरी जवळून पाहिलं. बँकेतला हुशार माणूस. सकाळी नऊ वाजता बाथरूमचा नळ सुरू, बादली भरून वाहतेय आणि हा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा. आत जात नाही, मागे फिरत नाही. बायकोनं नळ बंद केला तरी तसाच. अंघोळ हे आपल्याला एक काम वाटतं. त्याच्यासाठी ती कपडे काढणं, तांब्या उचलणं, साबण लावणं, पुसणं अशी वेगवेगळी कामं झाली होती आणि पहिल्यापाशीच तो अडला होता. बोलणंही तसंच. ‘‘चहा घेणार?’’ याचं उत्तर यायला इतका वेळ लागे, की चहा गाळून होई. त्याला आळशी म्हणणारे नातेवाईक होते. बी-१२ तपासा म्हणणारे होते, देवऋषी सुचवणारेही होते. पण निदान काहीतरी बिनसलंय याबद्दल एकमत होतं. मावशींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

नैराश्य मोजायला दवाखान्यांतून वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ सालची. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शेवटी आणखी एक प्रश्न असतो: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? या प्रश्नाचे गुण बेरजेत धरत नाहीत. मला मात्र तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो ‘काम झालं का’ असं विचारत नाही. ‘किती अवघड गेलं’ असं विचारतो.

‘कामात मन रमव, बरं वाटेल’ हा आपल्याकडचा ठेवणीतला सल्ला. गंमत अशी, की तो पूर्ण चूक नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ४९५ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आला. रुग्ण मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे, आणि समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला पुन्हा हळूहळू हालतं करत. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जणांची लक्षणं उताराला लागली होती, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के जणांची. मग घरच्या सल्ल्यात आणि यात फरक काय? घरचे मोठं काम सांगतात आणि ते नाही झालं की टोमणा मारतात. इथे काम रुग्णाच्या आवडीचं असतं, त्याला पेलेल एवढंच असतं, आणि ते झालं का हे पुढच्या भेटीत कुणीतरी आस्थेनं विचारतं. बँकेतल्या त्या मित्राला गोळ्याही लागल्या. त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात; तोवर ‘काही उपयोग नाही’ म्हणून त्या सोडू नयेत, एवढं सांगणारं माणूस शेजारी लागतं. जवळ कुणी नसेल त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

मावशींना समुपदेशक बाईंनी पहिल्या आठवड्यात दिलेलं काम होतं शब्दकोड्यातले फक्त तीन आडवे शब्द. त्यांनी दोन लिहिले. पेन्सिलीनं.