चूक कळते कोणाला?

अमेरिकेत 1953 साली रंगीत टीव्हीचे मानक ठरले, तेव्हा रंगाच्या आणि आवाजाच्या संकेतांच्या सरमिसळीने चित्रात व्यत्यय दिसू नये म्हणून सेकंदाला 30 चित्रांचा वेग जरासा उतरवून 29.97 केला गेला. त्याच हिशेबाने सिनेमाच्या 24 फ्रेम टीव्हीसाठी 23.976 झाल्या. फरक हजारात एकाचा. पण 24 च्या वेगाला बांधलेला आवाज 23.976 च्या चित्राला जोडला, की तो दर मिनिटाला 60 मिलिसेकंद पुढे पळतो, तासाभरात 3.6 सेकंद. दारावरची थाप ऐकू येते तेव्हा पडद्यावरचा माणूस अजून जिना चढत असतो. गंमत नव्हे, तत्त्वज्ञानाचा खरा पेच इथे आहे: चित्र तपासा, ते निर्दोष, आवाज तपासा, तोही निर्दोष. डोळ्याला आवाज कळत नाही, कानाला ओठ दिसत नाहीत. मग दोघांचा मेळ नाही, हे कळते कोणाला? जे पाहिले तेच स्पर्शिले, या ओळखीवरून गौतमाच्या न्यायसूत्रांनी इंद्रियांहून वेगळा ज्ञाता मानला. मला बिघाडाचा पुरावा त्याहून भक्कम वाटतो. जुळलेले सवयीने खपून जाते; न जुळलेले कळायला मात्र दोन्ही बाजू एकाच्याच हाती असाव्या लागतात.

यावर खुद्द न्यायदर्शनातूनच आक्षेप निघतो. मन अणुरूप, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाणारे. फिरत्या कोलिताचे वर्तुळ दिसावे तसे केवळ वेगामुळे सगळे एकदम घडल्यासारखे वाटते. म्हणजे एककालिकता हा भासच. मग बिघडते काय? पण या भासाला शिस्त आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंदल्याप्रमाणे आवाज साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला की खटकू लागतो, मागे राहिला तर 125 पर्यंत चालून जातो. ही असमानता सृष्टीला धरून आहे: 34 मीटरवरच्या ढोलाची टिपरी आधी दिसते, नाद सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. उशीर जगात रोजचा, आगाऊ आवाज अशक्य. तेव्हा ‘एकदम’ हा मनाने जग ओळखून दिलेला निवाडा आहे, निव्वळ भ्रम नव्हे.

बौद्धांचा आक्षेप अधिक कठीण आहे. ते म्हणतील, तुलना करणारे तिसरे क्षणिक ज्ञान प्रवाहात उपजले, एवढे पुरे, मालक कशाला? एका क्षणापुरते हे मान्य करायला हवे. दृश्य आणि ध्वनी दोन्हींना प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी मेंदूत सापडल्याच आहेत. पण सरकत जाणारी चूक एका क्षणाची नसते. पहिल्या 45 सेकंदांत सगळे ठीक होते आणि आता नाही, हे म्हणायला तेव्हाचा आणि आत्ताचा जाणणारा सलग असावा लागतो. संस्कारांचा प्रवाह म्हणून ही सलगता समजावता येईलही, पण मग त्या प्रवाहाला ज्ञात्याची सगळी कामे द्यावी लागतात, आणि वाद बहुतांशी नावापुरता उरतो. गौतमाला हवा असलेला नित्य आत्मा यातून सिद्ध होत नाही, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे. सिद्ध होतो तो सिनेमा संपेपर्यंत टिकणारा साक्षी, आणि त्यापुढे जायला वेगळे प्रमाण लागेल.